घाटेअळीचा हिवाळा

पंचवटीच्या भाजीबाजारात हरभऱ्याच्या हिरव्या जुड्या आल्या की मी त्या उलट्यापालट्या करून बघते. भोक पडलेला घाटा दिसला की तो हळूच दाबून पाहते. भाजीवाल्यांना राग येतो. परवा एकाने माझ्या हातातली जुडी काढूनच घेतली. "ताई, चांगली घ्या ना, किडकी कशाला चिवडता?" मी हसले आणि पुढच्या ढिगाकडे वळले. सवय मोडलेली नाही, मोडायची इच्छाही नाही. सकाळी नळाचं पाणी बोटांना चावायला लागलं की मला तो एक हिवाळा आठवतो. दरवर्षी कुणीतरी शहाणं माणूस भेटतं आणि सांगतं, आता ते सोडून दे. मी सोडलेलं नाही.

मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते. चांदवडच्या एका शिंप्याची मुलगी, पंचवटीतल्या एका गल्लीत भाड्याच्या खोलीत राहणारी. नदीपलीकडच्या कॉलेजात प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय होता घाटेअळीच्या रक्तातल्या पेशी. घाटेअळी म्हणजे हरभऱ्याच्या घाट्याला भोक पाडून, डोकं आत आणि बाकीचं अंग बाहेर ठेवून निवांत दाणा खाणारी ती हिरवी अळी. टोमॅटो म्हणू नका, झेंडू म्हणू नका, तिला काही वर्ज्य नाही. आई शेजारणींना सांगायची, "आमची स्वाती रक्ततपासणीचं शिकते." कुणाचं रक्त, ते ती सांगत नसे.

अळीला रक्त असतं हेच पुष्कळांना पटत नाही, कारण ते लाल नसतं. पोपटीकडे झुकणारं पिवळं असतं. ते प्राणवायू वाहून नेत नाही. अळीच्या कुशींवर बारीक बारीक भोकं असतात, हवा तिथून थेट आत जाते. मग रक्ताचं काम काय? ते राखण करतं. आत शिरलेल्या परक्या कणाला त्यातल्या पेशी गिळतात, घेरतात. बर्फावर ठेवून गुंगवलेल्या अळीच्या पोटाखालच्या मांसल पायाला बारीक सुई टोचायची, वर येणारा थेंब काचेच्या नळीत ओढायचा, आणि हे झटपट करायचं, कारण हवा लागली की तो थेंब डोळ्यांदेखत काळा पडतो. पहिल्यांदा मी मायक्रोस्कोपखाली तो थेंब पाहिला तेव्हा मला गोल गोल दाणे दिसले. मग सरांनी शाईच्या कणांत कालवलेला दुसरा थेंब ठेवला आणि म्हणाले, "थांब. घाई करू नकोस." थोड्या वेळाने एका पेशीच्या पोटात काळा ठिपका दिसला. मग दुसरीच्या. मी लगेच तिसरी शोधायला लागले.

सर म्हणजे माझे गाईड. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडात 'सर' एवढंच बसलंय, आणि ते आदरानेच. सुई धरायला त्यांनी शिकवलं. "हात चांगला आहे तुझा," म्हणाले होते, आणि मी शिंप्याची मुलगी आहे हे कळल्यावर, "मग बरोबर," असं म्हणून स्वतः जाऊन दोघांसाठी आल्याचा चहा घेऊन आले होते. हे सगळं खरं आहे. पुढचंही खरं आहे.

सरांचं नाव झालं होतं ते एका कडू पाल्याच्या अर्कामुळे. हा अर्क पोटात गेला की अळीच्या रक्तातल्या पेशी घटतात, ती दुबळी होते, साध्या बुरशीनेही मरते, असं त्यांनी पूर्वी दाखवलं होतं. त्यावर पेपर झाले, प्रकल्प मिळाला, शेतकरी मेळाव्यांत भाषणं झाली. माझं काम त्याच्या पुढचं होतं. पेशी घटतात हे ठरलेलंच, आता कुठल्या पेशी घटतात आणि का, ते मी शोधायचं.

अळ्या मी प्रयोगशाळेत वाढवायचे. एकेकीला वेगळ्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर त्या एकमेकींना खातात. त्यांचं खाद्य म्हणजे हरभऱ्याचं पीठ, यीस्ट, आगर आणि थोडं जीवनसत्त्व, सगळं शिजवून गार करून वड्या पाडायच्या. शिजताना पिठल्याचा वास सुटायचा. शेजारच्या वनस्पतिशास्त्र विभागातले शिपाईमामा दारातून डोकावून विचारायचे, "भाकरी आणू का?" थंडीत अळ्या वाढेनाशा झाल्या म्हणून मी लाकडी पेटीत साठचा बल्ब लावून त्यांना ऊब दिली. स्वतः मात्र दोन स्वेटर घालून गारठलेल्या बोटांनी मोजत बसायचे.

नोव्हेंबरात प्रयोगशाळेतल्या अळ्या रोगाने पटापट मेल्या आणि मला शेतातल्या नव्या अळ्या हव्या झाल्या. म्हणून मी एका सकाळी बाजारात एका बाईंपुढे जाऊन उभी राहिले. गोणपाटावर झेंडू, पालक, हरभऱ्याची भाजी. मी विचारलं, "अळी पडलेलं काही आहे का?"

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "सकाळच्या पारी टिंगल करती व्हय माझी?"

"नाही हो मावशी, खरंच हवीय. अळीच हवीय."

"समदं गाव माझ्या मालात अळी हाय म्हून भांडतंय, आन् तू अळी मागती!" आणि त्या इतक्या मोठ्याने हसल्या की शेजारची मेथीवाली वळून बघायला लागली. त्या कुंदामावशी. मखमलाबादच्या बाजूला त्यांचं थोडं रान होतं. नवरा पाठीच्या दुखण्याने घरी बसलेला, त्यामुळे लावणी, फवारणी, विक्री सगळं त्या एकट्या बघायच्या. "रानात ये," म्हणाल्या. "लागंल तेवढ्या घिऊन जा. मीच वर चहा पाजीन."

त्या दिवसापासून आठवड्यातून दोनदा मी सकाळच्या बसने मावशींच्या रानात जायला लागले. टोमॅटोच्या भोवतीने त्यांनी झेंडूची ओळ लावलेली असायची, म्हणजे अळी आधी झेंडूवर जाते. दवाने ओल्या झेंडूचा तो उग्र वास अजून माझ्या नाकात आहे.

आकडे मात्र बसत नव्हते. अर्क दिलेल्या अळ्यांच्या पेशी कधी घटलेल्या दिसायच्या, कधी उलट जास्त. अर्क न दिलेल्यांचंही तसंच. मी वही सरांपुढे ठेवायचे. ते चष्मा कपाळावर चढवून पाहायचे आणि म्हणायचे, "पुन्हा मोज." मी पुन्हा मोजायचे. काचेवरच्या चौकटीतला एकेक दाणा, डाव्या हातात टकटक करणारं मोजयंत्र. पुन्हा तेच. "तुझी पद्धत चुकतेय कुठेतरी. कपाटातल्या जुन्या वह्या काढ. आधीच्या मुलाने कसं केलं ते बघ आणि अगदी तसंच कर." मी मान डोलावली. चूक माझीच असणार यावर माझा तेव्हा पुरता विश्वास होता.

डिसेंबरच्या एका सकाळी मावशींच्या रानात गेले तर त्या चुलीवर मोठं पातेलं चढवून काहीतरी ढवळत होत्या. डोळे धुराने लाल झालेले. वास ओळखीचा वाटला. वाकून पाहिलं तर तोच कडू पाला.

"हे कशाला, मावशी?"

"फवाराया. तुमच्याच कालिजचं सर मेळाव्यात सांगून गेलं ना. अळीचं रगतच आटतं म्हनं. तीन वरसं उकळतीय." त्यांनी तळहात पुढे केले. कातडी काळपट आणि भेगाळलेली. पाला डोंगराच्या कडेवरून तोडून आणायचा, दोन दिवस भिजवायचा, सकाळभर उकळायचा आणि पंप पाठीवर घेऊन फवारायचा. "पन अळी काय हटत न्हाय बघ. म्हनलं माझंच काय तरी चुकत आसंल."

माझंच काहीतरी चुकत असेल. मी तेच वाक्य महिनाभर मनाशी म्हणत होते.

मी झेंडूवरच्या अळ्या गोळा करायला लागले. सारख्या आकाराच्या निवडून डब्यांत टाकत होते. मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या. "ही नगं घिऊ. ही खायाची नाय."

"का?"

"मान फुगलीय तिची. आता गप बसंल. उद्यापावतर कात टाकंल. आन् ती तिकडची बघ, ती कात टाकून बसलीय, डोकं केवढं झालंय. दोघी दिसाया येकसारख्या, पन येक निगाली न् येक पोचली."

कात टाकण्याआधी अळी खाणं सोडते, डोक्याचं जुनं कवच पुढे सरकतं आणि मागे फुगवटा दिसतो, हे मी पुस्तकात शंभर वेळा वाचलं होतं. परीक्षेत आकृतीसुद्धा काढली होती. पण प्रयोगासाठी मी अळ्या निवडत होते नुसत्या आकारावर. कात टाकायला निघालेली आणि कात टाकून पोचलेली, दोघींना मी एकाच पंगतीला बसवत होते.

पुढचे दोन दिवस मी सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मायक्रोस्कोपसमोरून हलले नाही. अर्क वगैरे काही नाही, साध्या अळ्या. दर दोन तासांनी काही अळ्यांचं रक्त काढायचं आणि कात टाकण्याच्या आधीची की नंतरची, ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी दुपारीच मला दिसलं. कातीच्या आधी पेशी चढत होत्या, कात टाकली की धाडकन उतरत होत्या. कुणी काही न देता. मग मी एकाच वयाच्या, एकाच घडीच्या अळ्या घेतल्या, निम्म्यांना अर्क दिला, निम्म्यांना नाही. फरक नव्हता.

तेव्हा मी कपाटातली ती जुनी वही काढली. सरांच्या पहिल्या पेपरमागची. अक्षर नीटस, प्रत्येक पानावर तारीख. अर्क न दिलेल्या अळ्या सोमवारी तपासलेल्या, अर्क दिलेल्या मंगळवारी. पुढच्या पानावर तसंच, आणि त्याच्याही पुढे. बिचाऱ्या मुलाला एका दिवसात सगळं उरकत नसणार. लबाडी नव्हती. पण मधल्या रात्रीत अळ्यांनी कात टाकली होती.

वही घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तारखांवर बोट ठेवून ठेवून पाहिलं. मग वही मिटली.

"हे कुणाला दाखवलंस?"

"तुम्हालाच, सर."

"ठीक आहे. तुझ्याकडे बाकी पुष्कळ साहित्य आहे. पेशींचे प्रकार आहेत, फोटो उत्तम आहेत. तेवढं सोडून लिही. मार्चमध्ये सबमिट करून टाकू."

"सर, बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे."

"स्वाती, मला निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत."

ते रागावून म्हणाले असते तर मला सोपं गेलं असतं. ते विनवणीच्या सुरात म्हणाले. वीस वर्षं ज्यांनी पोरांना सुई धरायला शिकवली त्यांचा आवाज तसा ऐकणं वाईट होतं. पण माझ्या डोळ्यांपुढे ते पातेलं होतं. मी म्हणाले, "सर, लोक तो पाला अजून उकळतायत."

"तू तुझ्या डिग्रीचं बघ," सर म्हणाले. आता मात्र आवाज कडक होता.

त्या रविवारी मी चांदवडला गेले. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मोठ्या माणसांच्या वाट्याला कशाला जातेस? सही घे आणि मोकळी हो." वडील मशीनवर परकराची कड मारत होते. त्यांनी पाय थांबवला. त्यांना पेशी कळत नव्हत्या, पण माप कळत होतं. "माप चुकलं तर कापड उसवायचं, पोरी," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला अंग चोरून घाल म्हणायचं नाही." आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मी दुपारच्याच एस.टी.ने परत आले.

मग ते सोमवार सुरू झाले. दर सोमवारी मी अर्काने काही फरक पडत नाही हे दाखवणारं थिसिसचं प्रकरण सरांच्या टेबलावर ठेवायचे. दर गुरुवारी ते लाल रेघ मारून परत यायचं. कोपऱ्यात एक आक्षेप. थंडीमुळे असेल. मी पेटीचं तापमान सांभाळून पुन्हा केलं. खाद्यामुळे असेल. मी पिठाऐवजी हरभऱ्याच्या पाल्यावर वाढवून पुन्हा केलं. शेतातल्या अळ्या रोगट असतील. मी त्यांच्यापासून झालेल्या पतंगांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी वाढवून पुन्हा केलं. त्या लाल रेघांनी माझं काम पक्कं होत गेलं हे मी मान्य करते. त्याबद्दल आभार मानायला मात्र मी तयार नाही. जी माणसं म्हणतात, बघ, सरांनी तुला तावूनसुलाखून घेतलं, त्यांना मी सांगते की सर मला थकवत होते. मी थकले नाही, एवढंच.

मधल्या एका आठवड्यात मी मखमलाबादला जाऊन मावशींना सांगून टाकलं, "मावशी, तो पाला उकळणं बंद करा. त्याने काही होत नाही."

मावशींनी पळी पातेल्यातच ठेवली. "तुझं सर काय म्हनत्यात?"

"ते अजून मानत नाहीत."

"आन् तू?"

"मी मोजलंय."

त्यांनी चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं, मातीत दाबून विझवलं. मग अचानक चिडल्या. "तीन वरसं माझ्या सकाळी गेल्या त्यात! आन् वर मला वाटायचं, मीच कमी उकळती!" त्या माझ्यावर चिडल्या नव्हत्या, पण मी मान खाली घातली. ही बातमी हळूहळू बाजारात आणि बाजारातून सरांपर्यंत पोचली. त्यांनी मला उभं करून विचारलं, "थिसिस मंजूर व्हायच्या आधी शेतकऱ्यांना सांगितलंस?"

"हो, सर."

"कुणाच्या परवानगीने?"

मी टेबलावरचं प्रकरण उचललं आणि प्रयोगशाळेत परतले. परवानगी मी घेतली नव्हती, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

शेवटचा आक्षेप फेब्रुवारीत आला. कोपऱ्यात लिहिलं होतं, 'मोजणाऱ्याचा पूर्वग्रह.' म्हणजे मला हवं तेच मला दिसतंय. तो वाचून मी प्रयोगशाळेत रडले, तोंड धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी एकाच घडीच्या अळ्यांचं रक्त काढून, ते काळं पडू न देणाऱ्या द्रावणात मिसळून वीस नळ्या भरल्या. नळ्यांवर नुसते आकडे. कुठली अर्काची, कुठली साधी, ते एका कागदावर लिहून पाकिटात बंद केलं. ट्रे सरांच्या टेबलावर ठेवला. "सर, तुम्हीच मोजा."

त्यांनी ट्रेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, उठून जातील. ते उठले आणि मायक्रोस्कोपजवळ गेले. चष्मा कपाळावर चढवला. कित्येक वर्षांत त्यांनी स्वतः मोजलं नव्हतं, पण बोटं विसरली नव्हती. काच स्वच्छ पुसणं, थेंब सोडणं, वरची काच अलगद टेकवणं, किती सुंदर करत होते ते. टकटक, टकटक. दुपार कलली. मी खिडकीशी उभी होते. विसावी नळी संपल्यावर त्यांनी आकड्यांचा कागद माझ्यापुढे सरकवला आणि पाकीट स्वतः फोडलं. पेन्सिलीने दोन रांगा पाडल्या, दोन्हींच्या सरासऱ्या काढल्या. मग पुन्हा काढल्या.

दोन्ही जवळजवळ सारख्या होत्या.

सरांनी हात धुतले, रुमालाने एकेक बोट पुसलं आणि निघून गेले. त्या गुरुवारी प्रकरण परत आलं त्यावर लाल रेघ नव्हती. सहीही नव्हती. सही आली जूनमध्ये. व्हायवाच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी भर सभागृहात विचारलं, "हे तुमच्याच गाईडच्या कामाच्या विरुद्ध जातंय, याची कल्पना आहे ना?" मी "हो" म्हणाले. मग ते सरांकडे वळले. सर पहिल्या रांगेत होते. "मोजणी बरोबर आहे," ते बसल्या जागेवरून म्हणाले, आणि चहाला थांबले नाहीत. त्यानंतर आम्ही बोललो नाही. त्यांच्या शिफारसपत्राची मी वर्षभर वाट पाहिली, ते आलं नाही. ज्या संस्थेत मला जायचं होतं तिथे मी गेले नाही. आज एका साध्या कॉलेजात अकरावी-बारावीच्या मुलांना झुरळाची पचनसंस्था शिकवते आणि सुट्टीत माझ्या खर्चाने अळ्या वाढवते. लोक विचारतात, काय मिळवलंस? मी त्यांना काही पटवायला जात नाही. त्या तीन शब्दांसाठी मी सरांना मान देते. त्या सोमवारांसाठी त्यांना माफ करत नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं, आणि मला कुणी त्यातलं एक निवडायला लावू नये.

मावशींची आणि माझी ओळख टिकली. जुन्या वहीतल्या तारखांची गोष्ट मी त्यांना कधीच सांगून टाकली होती. गेल्या आठवड्यात त्यांच्या गावाकडे मोठ्या मंडपात शेतकरी मेळावा होता, मला म्हणाल्या, "चल, अळीवर नवी बाटली आलीय म्हनं." स्टेजवर टाय लावलेला एक तरुण माणूस पडद्यावर रंगीत चित्रं दाखवत होता. औषध दिलेल्या अळ्या मलूल, न दिलेल्या टुमटुमीत. बोलणं झालं, टाळ्या पडल्या, कुणाला काही विचारायचंय का म्हणाला. माझ्या शेजारच्या खुर्चीवरून मावशी उभ्या राहिल्या. पदर खोचलेला, हातात बाजाराची पिशवी.

"साहेब, औषिद दिलेल्या न् नाय दिलेल्या, ह्या दोन्ही अळ्या येकाच दिशी तपासल्या व्हत्या का?"

तो माणूस हसला. "मावशी, फार टेक्निकल आहे ते. बसा, आपण नंतर बोलू."

मंडपात शे-दोनशे माणसं वळून बघत होती.

मावशी बसल्या नाहीत.